वारसाहक्काचा प्रश्न आणि साष्टीचे हस्तांतर : रोमन प्रिन्सिपेट व पेशवाई यांतील सत्तासंघर्षाचा एक तौलनिक विचार

प्रास्ताविक

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनच्या पुढे, धारावी बेटाच्या उत्तर टोकावर चौक हे गाव वसले आहे. गावासमोर वसईची खाडी असून खाडीच्या पलीकडच्या काठावर वसईचा किल्ला आहे. गावालगतच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत व तेथे अलीकडच्या काळात चिमाजी अप्पांचे स्मारक उभारण्यात आले आहे. वसईच्या मोहिमेत धारावी हे ठाणे महत्त्वाचे होते. ते हाती असल्याशिवाय खाडीच्या मुखावर, आणि म्हणून वसईला समुद्रमार्गे येणाऱ्या मदतीवर, नियंत्रण ठेवता येत नव्हते. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आली. १७३९ च्या आरंभी धारावी आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

पाठ्यपुस्तकातील वसईची कथा बहुधा येथे संपते. परंतु या विजयानंतर अवघ्या पस्तीस वर्षांनी, डिसेंबर १७७४ मध्ये, साष्टी इंग्रजांकडे गेली ती पुन्हा मराठ्यांना मिळाली नाही. तिच्या जाण्याचे मूळ खाडीत वा किल्ल्याच्या तटबंदीत शोधून सापडत नाही. ते पुण्याच्या शनिवारवाड्यात, पेशवेपदाच्या वारसाहक्काच्या प्रश्नात आहे. त्याच प्रश्नाची दुसरी आवृत्ती १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहात पाहावयास मिळते. म्हणजे पेशवाईच्या दोन वारसासंघर्षांची किंमत जेथे चुकती झाली, त्या दोन्ही जागा चौकच्या परिसरातच येतात.

प्राचीन रोमचा इतिहास शिकवताना सम्राटांच्या खुनांची यादी विद्यार्थ्यांना सांगितली जाते आणि त्यांना ती रंजकही वाटते. मात्र ही माणसे वारंवार का मारली जात होती, हा प्रश्न बाजूस राहतो. पेशवाई शिकवताना याच्या उलट घडते. तेथे सारे उत्तर रघुनाथराव व आनंदीबाई या दोन व्यक्तींच्या स्वभावात शोधले जाते. हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचल्यास व्यक्तीमागची व्यवस्था दिसू लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पद आहे, परंतु वारसा नाही

इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टसने जी राज्यव्यवस्था उभी केली तिला राजेशाही म्हणण्याची सोय नव्हती. रोमला राजा या शब्दाचाच तिटकारा होता, आणि ज्युलियस सीझरचा शेवट ऑगस्टसच्या डोळ्यांसमोर होता. म्हणून त्याने प्रजासत्ताकाची जुनी पदे व जुने अधिकार एकेक करून सिनेटकडून स्वतःकडे घेतले आणि स्वतःला केवळ ‘प्रिन्सेप्स’, म्हणजे प्रथम नागरिक, म्हणवून घेतले. या युक्तीत एक दोष अंगभूत होता. राजपद वारशाने देता येते. प्रथम नागरिकाचे स्थान कायद्याने कोणालाच वारशात देता येत नाही. ऑगस्टसने वारसाची तजवीक करण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवली. मार्सेलस, अग्रिप्पा, नातू ल्युशियस व गायस हे सारे त्याच्या आधी गेले. इ.स. ४ मध्ये त्याने टायबेरियसला दत्तक घेतले ते दुसरा पर्याय उरला नाही म्हणून.

पेशवेपदाची स्थिती तत्त्वतः अशीच होती. पेशवा म्हणजे मुख्य प्रधान. शिवकालात अष्टप्रधानांपैकी एकाही पदाला वंशपरंपरेचा हक्क नव्हता. बाळाजी विश्वनाथांच्या निधनानंतर १७२० मध्ये विशीही न ओलांडलेल्या बाजीरावांना वस्त्रे मिळाली ती शाहू महाराजांच्या निर्णयाने, आणि दरबारातील ज्येष्ठांचा त्यास विरोध होता. १७४० मध्ये बाजीरावांच्या मृत्यूनंतर रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईक बारामतीकरांचे नाव पुढे केले, ही घटनाही पद वंशपरंपरागत मानले गेले नव्हते याचे द्योतक आहे. तोवर निवाडा करणारा छत्रपती समर्थ होता, त्यामुळे वाद मिटत असे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले, १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार पुण्यास आला, आणि निवाडा करणारी सत्ताच नाममात्र झाली. पद राहिले, ते देण्याचा विधी राहिला. पण दोन दावेदार उभे राहिल्यास ‘हा खरा, तो खोटा’ असे सांगणारा कोणी उरला नाही.

या विधीचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १७७२ ते मे १७७४ या सुमारे दीड वर्षात साताऱ्याच्या एकाच छत्रपतींकडून, रामराजांकडून, पेशवेपदाची वस्त्रे तीन वेळा दिली गेली : प्रथम नारायणरावांना, नंतर त्यांच्या खुनाचा आरोप ज्यांच्यावर होता त्या रघुनाथरावांना आणि शेवटी नारायणरावांच्या चाळीस दिवसांच्या मुलाला. इ.स. ६९ हे रोमच्या इतिहासात चार सम्राटांचे वर्ष म्हणून प्रसिद्ध आहे. त्या वर्षी सिनेटने गाल्बाच्या जागी ओथो, ओथोच्या जागी व्हिटेलियस व व्हिटेलियसच्या जागी व्हेस्पेशियन यांना असेच एकापाठोपाठ एक मान्य केले. व्हेस्पेशियनला अधिकार देणाऱ्या कायद्याचा कांस्यपट रोममधील कॅपिटोलाइन संग्रहालयात आजही आहे. तो वाचताना अधिकारांची लांबलचक यादी दिसते. त्यातील भाषा कायद्याची आहे. मात्र निर्णय आधीच रणांगणावर झाला होता. सिनेट काय किंवा सातारा काय, दोहोंकडे मान्यता देण्याचा अधिकार होता, नाकारण्याचा नव्हता.

पुतण्या, काका आणि पहारेकरी

ज्या पदाला वारशाचा नियम नाही, त्याचा निर्णय पदाधिकाऱ्याच्या सर्वांत जवळ शस्त्र घेऊन उभा असणारा माणूस करू शकतो. रोममध्ये हे स्थान प्रिटोरियन रक्षकांचे होते, पुण्यात १७७३ साली ते गारद्यांकडे गेले.

२४ जानेवारी ४१ रोजी सम्राट कॅलिगुला याचा खून त्याच्याच रक्षकदलातील कॅसियस खेरिया या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने झाला. राजवाड्यात पडद्याआड लपलेला कॅलिगुलाचा काका क्लॉडियस रक्षकांच्या हाती लागला. त्यांनी त्याला छावणीत नेऊन सम्राट म्हणून घोषित केले आणि क्लॉडियसने प्रत्येक सैनिकास १५,००० सेस्टर्स देण्याचे मान्य केले. सिनेट दोन दिवस प्रजासत्ताक पुन्हा आणण्याची चर्चा करीत राहिली आणि अखेर नमली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात जे घडले त्याची बाह्य रूपरेषा हीच आहे. अठरा वर्षांचा पुतण्या पेशवा, वाड्यातच नजरकैदेत असलेला काका आणि थकलेल्या पगारामुळे बिथरलेले गारदी. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. पुतण्या मारला गेला आणि काका गादीचा धनी झाला. तरीही क्लॉडियसने पुढे तेरा वर्षे राज्य केले, तर रघुनाथरावांना काही महिन्यांतच पुण्याबाहेर वणवण करावी लागली. हा फरक कशामुळे पडला?

माझ्या मते याचे उत्तर दोन स्त्रियांच्या नशिबात आहे. कॅलिगुलाची पत्नी सीसोनिया व तान्ही मुलगी या दोघींना खुनानंतर लगेच ठार करण्यात आले. कॅलिगुलाच्या घरात दावा सांगणारे कोणी राहिले नाही. नारायणरावांची पत्नी गंगाबाई मात्र वाचली, आणि ती गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे प्रभृतींनी रघुनाथराव स्वारीवर असताना जे कारस्थान रचले, त्या बारभाईंच्या हाती सैन्यापेक्षाही मोठे शस्त्र होते, ते म्हणजे एक न जन्मलेला वारस. गंगाबाईंना पुरंदरावर नेण्यात आले. राजधानीतील पहारेकऱ्यांच्या हातून वारस काढून तो डोंगरी किल्ल्यावर ठेवणे ही साधी वाटणारी गोष्ट प्रिटोरियनांच्या छायेत जगणाऱ्या रोमन घराण्यांना साधली नव्हती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. हा मुलगा खरा नव्हेच, अशी आवई रघुनाथरावांच्या पक्षाने उठवली, ती अपेक्षितच होती.

क्लॉडियसने सम्राट होताच खेरियाला मृत्युदंड दिला. लाभ घेतला, पण लाभ करून देणाऱ्याचा संबंध तोडला. रघुनाथरावांना हे करता आले नाही, कारण गारद्यांना दिलेला शब्द त्यांच्या गळ्याशी आला होता.

हुकूम कोणाचा?

मराठी माणसाला नारायणरावांचा खून आठवतो तो ‘ध चा मा’ या एका वाक्प्रचारामुळे. रघुनाथरावांनी ‘नारायणरावांस धरावे’ असे लिहिले आणि आनंदीबाईंनी ‘ध’च्या जागी ‘मा’ केला, ही कथा सर्वश्रुत आहे. या कथेने दोन गोष्टी एकाच वेळी साधल्या आहेत. पहिली अशी की, ‘धरावे’ हा हुकूम तिने निर्दोष ठरवून टाकला. पदावर असलेल्या पेशव्याला त्याच्याच पहारेकऱ्यांकरवी कैद करवणे हा उठाव आहे. अक्षर बदलले नसते तरी राज्य उलथलेच असते. दुसरी अशी की, राजकीय अपराधाचा भार तिने अंतःपुरातील स्त्रीवर टाकला.

इ.स. १४ मध्ये ऑगस्टस मरण पावताच निर्वासित अग्रिप्पा पोस्टुमस याचा वध झाला. हा ऑगस्टसचा नातू. पित्याच्या मृत्यूनंतर जन्मला म्हणून पोस्टुमस. (सवाई माधवरावांनाही हे नाव शोभले असते.) टायबेरियसबरोबर त्यालाही दत्तक घेतले गेले होते, म्हणून तो प्रतिस्पर्धी ठरत होता. वध करणारा अधिकारी टायबेरियसकडे आला व आज्ञा पार पाडल्याचे त्याने सांगितले. टायबेरियसने आपण अशी आज्ञा दिलीच नसल्याचे व याचा जाब सिनेटपुढे द्यावा लागेल असे उत्तर दिले. वधाचे पत्र पाठवणारा सॅलस्टियस क्रिस्पस हे ऐकून घाबरला आणि राजवाड्यातील गुपिते बाहेर येऊ देऊ नयेत, असे त्याने लिव्हियाला सुचवले. चौकशी झालीच नाही. हा वृत्तान्त देणाऱ्या टॅसिटसचा संशय टायबेरियसबरोबर लिव्हियावरही आहे. पुढे लिव्हियाने ऑगस्टसला विषारी अंजीर दिल्याची कथा डिओ कॅसियस सांगतो, तर ५४ मध्ये क्लॉडियसच्या मृत्यूचे खापर अग्रिप्पिनाने वाढलेल्या अळंब्यांवर फोडले जाते. या स्त्रियांना महत्त्वाकांक्षा नव्हती असे नव्हे. पण वारसाचा नियम नसलेल्या घरात आई, पत्नी, काकू यांचे वजन वाढते आणि लिहिणाऱ्यांना दोष ठेवण्यास त्या सोयीच्या पडतात, हे दोन्ही परंपरांत सारखेच दिसते.

पुण्याचे वेगळेपण असे की, तेथे चौकशी झाली. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाचा तपास करून दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि आपले पद सोडले. टायबेरियसने सिनेटचे नाव घेतले व प्रकरण मिटवले. रामशास्त्र्यांनी पदावरच्या धन्याला त्याचा अपराध सांगितला. रोमन न्यायपरंपरेची थोरवी सांगताना आपल्या अध्यापकांनी हा प्रसंग अवश्य शेजारी ठेवावा.

साष्टीचे मोल

येथवर रोम व पुणे यांत साम्य दाखवता येते. यापुढे वाटा वेगळ्या होतात. रोमन दावेदार ज्या सैन्याकडे धाव घेत ते बहुधा साम्राज्याच्याच सरहद्दीवरचे असे. १९३ मध्ये प्रिटोरियनांनी पर्टिनॅक्सचा खून करून साम्राज्य जणू लिलावात काढले व डिडियस ज्युलियानसने प्रत्येकी २५,००० सेस्टर्स देऊन ते घेतले; ६६ दिवसांत सेप्टिमियस सेव्हेरसने डॅन्यूबवरील फौजेच्या बळावर त्याला संपवले. पैसा रोमन, फौज रोमन, मुलूख रोमनच राहिला. रघुनाथराव पराभूत होऊन गुजरातेत उतरले तेव्हा त्यांच्यासमोर असलेली तयार फौज परक्या व्यापारी कंपनीची होती, आणि तिला हवे असलेले मोल आधीच ठरलेले होते.

मुंबई बेट बंदर म्हणून उत्तम, पण स्वतःच्या धान्यावर जगणारे नव्हते. साष्टी हाती आल्याखेरीज मुंबईला अन्न, लाकूड व खाड्यांची सुरक्षितता मिळणार नाही, हे कंपनीला फार पूर्वी कळले होते. टॉमस मोस्टिनला १७६७ मध्ये माधवरावांकडे पाठवण्यामागे व १७७२ मध्ये त्याला पुण्यास वकील म्हणून ठेवण्यामागे साष्टी व वसईची इच्छा होतीच. माधवरावांनी ती पुरी केली नाही. येथे रघुनाथरावांना न्याय देण्यासाठी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मुंबईकरांनी मदतीच्या बदल्यात साष्टी व वसई मागितली तेव्हा त्यांनी प्रथम नकार दिला होता. इंग्रजांनी मग वाट पाहिली नाही. पोर्तुगीज आरमार आपला जुना मुलूख परत घेण्यास येत असल्याचे कारण पुढे करून त्यांनी ठाण्यास वेढा दिला. २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला हल्ल्याने घेतला गेला व थोड्याच दिवसांत वेसाव्यासह साष्टी बेट इंग्रजांच्या हाती गेले.

मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी जे आधीच गेले होते त्यावर सही केली. इंग्रजांनी २,५०० सैनिक द्यावेत. त्यांच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये मिळावेत. तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावे. साष्टी, वसई, जंबुसर, ओलपाड, करंजा, घारापुरी इत्यादी मुलूख कंपनीस द्यावा. पुढची सात वर्षे साष्टी कागदोपत्री इकडून तिकडे फिरत राहिली. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाने ती इंग्रजांकडे ठेवली; जानेवारी १७७९ मध्ये वडगावला पराभूत इंग्रजांनी ती परत देण्याचे कबूल केले व नंतर तो करारच झिडकारला; १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र कायमची गेली. रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली आणि डिसेंबर १७८३ मध्ये ते कोपरगावी वारले. बारभाईंनी वारस राखला, मुख्य मुलूखही राखला. किनाऱ्याची कड त्यांना सोडावी लागली.

रोमच्या इतिहासात याला जवळचा प्रसंग उत्तरकाळात सापडतो. ४०७ मध्ये ब्रिटनमधील सैन्याने तिसऱ्या कॉन्स्टंटाइनला सम्राट घोषित केले आणि तो ते सैन्य घेऊन गॉलमध्ये उतरला. सिंहासनाच्या या स्पर्धेत ब्रिटन रोमच्या हातून निसटले. केंद्रातील दावा व कडेचा प्रांत यांत निवड करण्याची वेळ आली की प्रांत सुटतो, मग तो टेम्सकाठचा असो वा उल्हास नदीच्या मुखाजवळचा.

दत्तकाचा उपाय

नर्व्हा ते मार्कस ऑरेलियस या काळात (९६ ते १८०) रोमने दत्तकाच्या मार्गाने योग्य माणूस निवडला, असे गौरवाने लिहिले जाते. त्यात एक गोष्ट बहुधा निसटते. नर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन व अँटोनायनस पायस यांपैकी कोणालाही हयात पुत्र नव्हता. मार्कस ऑरेलियसला होता, आणि त्याने कॉमोडसलाच वारस केले. दत्तक हे तत्त्व नव्हते, सोय होती.

पेशवाईत ही सोय हास्यास्पद टोकाला गेली. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव निपुत्रिक वारले. बाजीराव, रघुनाथरावांचे पुत्र, गादीवर येऊ नयेत म्हणून प्रथम माधवरावांची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर एखादा मुलगा दत्तक देण्याचा विचार झाला. अखेर १७९६ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या पुढाकाराने बाजीरावांचाच धाकटा भाऊ चिमाजी दत्तक दिला गेला. वसईच्या विजेत्याचेच नाव धारण करणारा हा मुलगा नात्याने सवाई माधवरावांचा चुलता लागत होता. म्हणजे चुलता पुतण्याचा मुलगा झाला. धर्मशास्त्राला हे मानवणारे नव्हते, पण वस्त्रे आली. त्याच वर्षी डिसेंबरात नाना फडणिसांनी डाव उलटवला, बाजीरावांना वस्त्रे मिळाली आणि दत्तविधान रद्द ठरले. क्लॉडियसने ५० मध्ये नीरोला दत्तक घेऊन औरस ब्रिटॅनिकसला मागे टाकले होते. पुण्यात उलट झाले. रघुनाथरावांनी आधी दत्तक घेतलेले अमृतराव बाजूस राहिले, औरस बाजीराव पुढे आले. म्हणजे दोन्हीकडे दत्तक श्रेष्ठ की औरस, हे प्रत्येक वेळी बळानेच ठरले.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले, आणि होळकरांनी अमृतरावांच्या मुलाला गादीवर बसवण्याची तजवीज केली. पुन्हा दोन दावेदार उभे राहिले, आणि पुन्हा त्यांतील एकाने कंपनीकडे धाव घेतली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी खाडीपलीकडील वसईत बाजीरावांनी तहावर सही केली. ६,००० पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, सुरतेवरील हक्कांचा त्याग आणि परराष्ट्रव्यवहारावर कंपनीची संमती, ही त्याची मुख्य कलमे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याला तेव्हा ६३ वर्षे झाली होती. सही करणारा त्यांच्या सख्ख्या भावाचा नातू होता. मे १८०३ मध्ये इंग्रज फौजेच्या संरक्षणात बाजीराव पुण्यास परतले.

यानंतर पेशवा कोण, हे ठरवण्याचे काम कंपनीकडे गेले आणि १८१८ मध्ये पदच संपले. बिठूरला राहिलेल्या बाजीरावांनी १८२७ मध्ये धोंडोपंतांना दत्तक घेतले. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले तेव्हा या दत्तकाला घराण्याची खाजगी मालमत्ता मिळाली. वार्षिक आठ लाखांची नेमणूक मात्र ती बाजीरावांपुरतीच होती, असे सांगून डलहौसीच्या सरकारने बंद केली.